मग आम्हाला रागावता कशाला?

उझालिसच्या मठातल्या पुस्तकांच्या खोलीत तुम्ही उभे आहात. साल 426, फार तर एखादं वर्ष इकडेतिकडे. उत्तर आफ्रिकेतलं हे गाव कार्थेजपासून फार लांब नाही, आणि या मुलखावर अजून तरी रोमचं राज्य आहे. समोर दोन मठवासी मान खाली घालून बसलेत, फ्लोरस आणि फेलिक्स. फ्लोरसचं हे जन्मगाव. तो राहतो हॅड्रुमेटमच्या मठात, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या सूस शहरात. गावी आला असताना त्याला इथल्या पुस्तकांत हिप्पोच्या बिशपचं, ऑगस्टीनचं, एक जुनं पत्र सापडलंय. 418 साली रोममधल्या सिक्स्टस नावाच्या धर्मगुरूला लिहिलेलं. छापखाना यायला अजून हजार वर्षं आहेत. पुस्तक हवं असेल तर ते हातानं उतरवून घ्यायचं, आणि हे दोघे तेच करतायत.

वाकून वाचा. पत्रात ऑगस्टीन सांगतोय की माणसाच्या हातून जे चांगलं घडतं ते देवाच्या कृपेनंच घडतं. बक्षीस देताना देव माणसाच्या कर्तबगारीचा नव्हे, तर स्वतः आधी देऊन ठेवलेल्या दानाचाच गौरव करतो. कृपा कुणाच्या लायकीकडे बघून मिळत नाही. लायकीच मुळी कृपेनं येते.

नक्कल पुरी होते. फ्लोरस कार्थेजच्या वाटेला लागतो आणि फेलिक्स ती नक्कल घेऊन मठात परततो. तुम्ही फेलिक्सबरोबर जा, कारण भडका तिथं उडणार आहे.

हॅड्रुमेटमचे मठवासी काही विद्वान नव्हेत. घरदार, लग्न, मिळकत सोडून देवावर प्रेम करायचं एवढ्यासाठी आलेली माणसं आहेत ती. पहाटे उठणं, उपास, अंगमेहनत, जिभेवर ताबा, हे त्यांचं रोजचं. मठाधिपती व्हॅलेंटिनसना पत्ता नसताना ते पत्र त्यांच्यात वाचलं जातं, आणि आयुष्यभर ज्याच्या आधारावर उभे होतो ती जमीनच कुणीतरी काढून घेतली असं काहींना वाटतं. मग मी पहाटे उठतो ते कोण उठतं? मी उठतो की देव उठवतो? देव उठवत असेल, तर शेवटच्या न्यायाच्या दिवशी माझ्याकडून हिशेब कसला मागणार? दुसरी बाजू तितकीच ठाम आहे: सगळी देवाची कृपा, माणसाच्या इच्छेला तिथं जागाच नाही. व्हॅलेंटिनस उझालिसच्या बिशपांकडून, इव्होडियसकडून, खुलासा मागवतात, एका धर्मगुरूला बोलावून पत्र वाचून घेतात. उपयोग होत नाही. शेवटी क्रेस्कोनियस आणि फेलिक्स हिप्पोला जायचा हट्ट धरतात. लिहिणाऱ्यालाच विचारू.

तीनशे किलोमीटरहून जास्त वाट आहे. मठाधिपतींचं पत्र त्यांच्याजवळ नाही. पत्र दिलं तर आपणच शंका घेतोय असं दिसेल, हा व्हॅलेंटिनस यांचा संकोच.

हिप्पो म्हणजे आजचं अल्जीरियातलं अन्नाबा. बिशपच्या घरी तुमचीही पंगतीत सोय होते. ऑगस्टीन सत्तरी ओलांडलेला आहे. कपडे ना भारी ना फाटके. चमचे चांदीचे, बाकी भांडी मातीची, लाकडाची नाहीतर संगमरवराची. ताटात भाजीपाला, मांस असलंच तर पाहुण्यांसाठी किंवा आजाऱ्यासाठी. आणि टेबलावर चक्क मजकूर कोरलेला आहे: गैरहजर माणसाची निंदा करायची असेल त्यानं इथं बसू नये, अशा अर्थाचा. एकदा काही बिशपमित्र हा नियम विसरले तेव्हा ऑगस्टीननं त्यांना चांगलंच सुनावलं होतं, असं त्याचा चरित्रकार पोसिडियस लिहून ठेवतो. हा प्रसंग ध्यानात ठेवा. सगळं चांगलं देवाकडून येतं असं मानणारा माणूस आपल्या टेबलावर नियम कोरतो, आणि तो मोडणाऱ्याला रागावतो.

त्या दोघांना तो लगेच परत पाठवत नाही. ईस्टर होईपर्यंत ठेवून घेतो. गुंता किती खोल आहे हे तो ओळखतो, कारण तो स्वतः त्यातून गेलाय. तेव्हा थोडं मागं चला.

386 चा ऑगस्ट, मिलान. ऑगस्टीन एकतीस वर्षांचा, राजधानीतला वक्तृत्वाचा नावाजलेला शिक्षक. भाड्याच्या घरामागच्या बागेत तो मित्र अलिपियसजवळ बसलाय आणि तळमळतोय. देवाकडे वळायचंय. बुद्धीला सगळं पटलंय. तरी वळता येत नाही, कारण सवयीची जुनी सुखं सुटत नाहीत. तो केस उपटतो, कपाळ बडवतो, बोटं एकमेकांत गुंफून गुडघा कवळतो. त्याच्या हातांकडे नीट बघा. पुढं तो स्वतः 'कन्फेशन्स' या आत्मकथनात याच गोष्टीवर थांबणार आहे: मन हाताला हुकूम करतं तर हात क्षणात हलतो, हुकूम कुठं संपला आणि हालचाल कुठं सुरू झाली हे कळतही नाही. तेच मन स्वतःला हुकूम करतं, तर ऐकत नाही. हात परका, तरी आज्ञाधारक. मन स्वतःचं, तरी बंडखोर.

पुढं शेजारून लहान मुलाचा आवाज ऐकू येतो, तो बायबलमधलं पौलाचं पत्र उघडून वाचतो आणि देवाकडे वळतो. मला मात्र नेहमी त्या आधीचा तास महत्त्वाचा वाटतो. इच्छा असणं आणि इच्छा पुरी असणं यांत केवढं अंतर आहे ते त्या तासात त्यानं भोगलं. देवावर प्रेम करायचं ठरवता येतं. ठरवल्यानं ते होत नाही. ज्यानं कधी नावडत्या माणसाला क्षमा करायचा मनापासून प्रयत्न केलाय, त्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

आता रोमला या, पाचव्या शतकाची पहिली वर्षं. ब्रिटनमधून आलेला पेलाजियस नावाचा तपस्वी इथल्या सुखवस्तू ख्रिस्ती घरांत मानानं वावरतोय. एक बिशप त्याच्यासमोर 'कन्फेशन्स'मधली ती प्रार्थना म्हणतो, जिच्यात ऑगस्टीन देवाला विनवतो की तू जे फर्मावतोस ते पाळायचं बळही तूच दे. पेलाजियस भडकतो. प्रकरण जवळजवळ भांडणावर येतं.

त्याला खलनायक करू नका. त्याच्याभोवतीचं रोम बघा. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले श्रीमंत लोक पूर्वीसारखेच वागतायत, आणि विचारलं तर म्हणतात, काय करणार, माणूस दुबळा आहे. पेलाजियसला या सबबीची चीड आहे. देव न्यायी असेल तर तो अशक्य ते मागणार नाही, असं त्याचं सरळ म्हणणं. 413-14 च्या सुमारास डेमेट्रियास नावाची मोठ्या घराण्यातली मुलगी, 410 मध्ये गॉथ राजा अलारिकनं रोम लुटल्यावर घरच्यांबरोबर आफ्रिकेत आश्रयाला आलेली, ठरलेलं लग्न मोडून व्रतस्थ राहायचा निर्णय घेते. पेलाजियस तिला लांबलचक पत्र लिहितो. कुळ आणि पैसा वाडवडिलांकडून आले, पण आत्म्याची संपत्ती तुझी तूच मिळवलीस, तिथं दुसऱ्या कुणाचा हात नाही, असा त्यातल्या एका भागाचा आशय आहे. किशोरवयीन मुलीला हे वाचून किती बळ आलं असेल! ऑगस्टीन आणि अलिपियस मात्र पुढं तिच्या आईला लिहितात की या पत्रापासून जपा. त्यांना भीती एकाच गोष्टीची: माझं प्रेम मी कमावलं असं ज्या दिवशी ती मुलगी मानेल, त्या दिवशी तिला आभार मानायला कुणी उरणार नाही.

418 मध्ये कार्थेजला आफ्रिकेतल्या बिशपांची परिषद भरते, पेलाजियसची मतं नाकारली जातात, आणि होनोरियस बादशहा त्याला आणि त्याच्या साथीदाराला रोममधून हद्दपार करतो. बादशहा मध्ये पडल्यानं वाद मिटला असं मात्र नाही.

हिप्पोला परत येताना थोडं आधीच्या एका प्रवचनाला थांबा. लोक उभे आहेत, बिशप आसनावर बसून बोलतोय, लघुलेखक शब्द टिपून घेतायत. विषय योहानाच्या शुभवर्तमानातला: पित्यानं ओढून घेतल्याशिवाय कुणी येशूकडे येऊ शकत नाही. गर्दीतल्या कुणाच्याही मनात यावी अशी शंका तो स्वतःच काढतो. ओढून घेतलं तर मी आलो कसा? मग उत्तर देतो. मेंढीला हिरवी फांदी दाखवा, ती ओढली जाते. पोराला अक्रोड दाखवा, तो धावतो. दोर बांधलेला नाही, कुणी ढकललेलं नाही, आवडीनं ओढलं. कृपा माणसाच्या इच्छेला बाजूला सारून पुढं जात नाही. जे आवडत नव्हतं ते आवडायला लागतं, आणि मग माणूस आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं चालू लागतो. देवावरच्या प्रेमाविषयी यापेक्षा खरं काही मी वाचलेलं नाही.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना त्रास होतो. याच माणसानं डोनॅटिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांना मुख्य चर्चमध्ये आणण्यासाठी सरकारी सक्तीचं समर्थन केलं. आधी त्याला ते पसंत नव्हतं. 408 च्या सुमाराला लिहिलेल्या पत्रात तो मत बदलल्याचं स्वतः सांगतो. दंडाच्या आणि जप्तीच्या भीतीनं आलेले लोक पुढं मनापासून राहिले, हा त्याचा मुद्दा. काही राहिलेही असतील. पण अक्रोड दाखवणं आणि शिपाई पाठवणं यांतला फरक त्याच्याइतका स्पष्ट दुसऱ्या कुणी सांगितला नव्हता, आणि तो फरक त्यानंच पुसला. प्रेम देवच जागवतो अशी खात्री असलेल्या माणसाला तर इतरांपेक्षा जास्त थांबता यायला हवं होतं.

ईस्टरचे दिवस. क्रेस्कोनियस आणि फेलिक्सला समोर बसवून ऑगस्टीन वाचून दाखवतोय. पेलाजियसच्या वादातली कागदपत्रं तर आहेतच, पण त्याचा भर दुसऱ्याच एका पुस्तकावर आहे: 258 मध्ये हुतात्मा झालेल्या कार्थेजच्या सिप्रियननं प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिलेलं छोटं विवेचन. ही निवड मोठी मार्मिक आहे. हे मठवासी वाद घालतात, पण रोज तीच प्रार्थना म्हणतात. आम्हाला मोहात पडू देऊ नकोस, असं मागतात. मोहात न पडणं पूर्णपणे आपल्या हातात असतं तर मागायचं कशाला? आणि आपल्या इच्छेचा काही संबंधच नसता, तर मागणारा कोण? प्रार्थनेला गुडघे टेकले की दोन्ही गोष्टी कबूल झालेल्या असतात.

त्यांच्याचसाठी तो एक ग्रंथ सांगून लिहवून घेतो, कृपा आणि इच्छास्वातंत्र्य यांवरचा. सुरुवात तुम्हाला वाटेल तिथून होत नाही. आधी तो इच्छास्वातंत्र्याची बाजू भक्कम करतो: बायबलभर आज्ञा आहेत, आणि ज्याला इच्छाच नाही त्याला आज्ञा देण्यात अर्थ नाही. मग कृपेकडे वळतो. चांगली इच्छा मनात उगवते ती देवाच्या कामानं, आपल्याशिवाय. ती उगवल्यावर मात्र तो आपल्याबरोबर काम करतो. येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण देतो. तुझ्यासाठी प्राण देईन म्हणणाऱ्या पेत्राजवळ प्रेम होतं, पण तोकडं. त्याच रात्री त्यानं तीनदा ओळख नाकारली. पुढं त्यानं खरोखर प्राण दिला. त्या तोकड्या प्रेमालाही ऑगस्टीन खोटं म्हणत नाही. तेही दिलेलंच होतं, पुढं ते वाढवलं गेलं.

त्याच ग्रंथातला एक युक्तिवाद मला सर्वांत भिडतो. विरोधक म्हणतात, धर्माचं ज्ञान देवाकडून येतं, प्रेम मात्र आपलं आपण करतो. ऑगस्टीन हे उलटून विचारतो. पौल सांगतो की ज्ञानानं माणूस फुगतो आणि प्रेमानं त्याची उभारणी होते. मग कमी मोलाचं ते देवाचं दान, आणि सर्वांत मोलाचं ते आपली स्वतःची कमाई? हे कसं?

मराठी वाचकाला इथं पंडिता रमाबाई आठवल्यावाचून राहणार नाहीत. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो कुणाच्या दबावाखाली नव्हता. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेल्या बाईंनी वाचून, भांडून, पारखून घेतलेला निर्णय होता. तरी 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता. ज्ञान होतं, निश्चय तर त्यांच्याइतका कुणाचा नसेल. जे पुढं आलं ते आपण मिळवलं असं त्यांनी म्हटलं नाही.

मठवासी ग्रंथ आणि पत्रं घेऊन परततात. व्हॅलेंटिनस आभाराचं पत्र पाठवतात, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो फ्लोरसही हिप्पोला येतो. प्रकरण संपलं असं वाटतं. पण ऑगस्टीनच्या कानावर येतं की त्याच मठात आता कुणीतरी नवा मुद्दा काढलाय. चांगलं वागणं देवानं दिलं तरच जमतं ना? मग नाही जमलं तर मठाधिपतींनी आमच्यासाठी प्रार्थना करावी. आम्हाला रागावतात कशाला?

ज्यांनी कुणाला वाढवलंय, शिकवलंय, सांभाळलंय, त्यांना हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. ऑगस्टीन यासाठी दुसरा ग्रंथ लिहितो. रागावणं हेही कृपेच्या हातातलं एक साधन आहे, असं त्याचं उत्तर. बोल लागल्यावर माणसाला स्वतःची लाज वाटते, त्या लाजेतून सुधारायची इच्छा जागी होते, आणि ती इच्छा जागी करणारा देवच. कोण सुधारेल हे मठाधिपतीला ठाऊक नाही, म्हणून त्यानं सर्वांना प्रेमानं बोलावं आणि सर्वांसाठी प्रार्थना करावी. बोलणं सोडून नुसती प्रार्थना करणारा आणि प्रार्थना सोडून नुसता बोलणारा, दोघेही अर्धं काम करतात.

इथपर्यंत मी त्याच्याबरोबर आहे. पण त्याच पानांत पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारल्याशिवाय हिप्पो सोडू नका. एकाला ही कृपा मिळते, दुसऱ्याला का नाही? ऑगस्टीन सांगतो की देवानं आधीच काहींना निवडलंय, बाकीचे आपल्या पापाच्या वाटेनं जातात, यात अन्याय नाही. आणि यापुढं देवाच्या निर्णयांची खोली मोजता येत नाही म्हणून तो थांबतो. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या तान्ह्या बाळांना तो शिक्षेतून सोडत नाही. सौम्यातली सौम्य शिक्षा म्हणतो, पण शिक्षाच. इथं मला त्याच्याबरोबर जाता येत नाही. अक्रोड दाखवून बोलावणारा देव पाळण्याशी येऊन हात आखडता घेईल, हे त्याच्याच प्रवचनाशी जुळत नाही. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, मार्सेयच्या मठवासीयांनाही हे खटकलं होतं. त्यांच्यातला जॉन कॅसियन म्हणत होता की कधी पहिलं पाऊल देव टाकतो, कधी माणूस. त्याचं उत्तर मला तोकडं वाटतं, पण त्याची तगमग खरी होती.

आता शंभरेक वर्षं पुढं चला: 529 चा जुलै, दक्षिण गॉलमधलं ओरांज. तारीख 3. प्रांताचा मोठा अधिकारी लिबेरियस यानं बांधलेल्या नव्या चर्चच्या अर्पणविधीला बिशप जमलेत, आणि आर्लचा बिशप सिझेरियस त्यांच्यापुढं एक मसुदा ठेवतो. विश्वासाची सुरुवातसुद्धा, विश्वास ठेवावासा वाटणंसुद्धा, कृपेनंच होतं, असं त्यात ठरतं. देवावर प्रेम करणं हे देवाचंच दान, हेही अगदी स्पष्ट शब्दांत. पेलाजियसला दार बंद, कॅसियनलाही. पण मग ते दोन वाक्यं अशी घालतात जी ऑगस्टीननं या शब्दांत लिहिली नसती. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ख्रिस्ताच्या मदतीनं, झटायची तयारी असेल तर, तारणासाठी लागेल ते सगळं करता येतं. आणि देवानं कुणाला वाइटासाठी नेमून ठेवलंय असं मानणाऱ्याचा ते धिक्कार करतात. चौदा बिशप सही करतात, त्यांच्याखाली लिबेरियससह आठ गृहस्थ.

ओरांजहून आर्लला या आणि रविवारी सिझेरियसच्या चर्चमध्ये जागा धरा. लोकांना वाचन संपलं की प्रवचनाआधीच बाहेर सटकायची सवय आहे. सिझेरियसचे चरित्रकार लिहितात की यावर उपाय म्हणून तो कितीदा तरी शुभवर्तमान वाचून होताच दारं लावून घ्यायला सांगत असे. प्रेम हे दान आहे या ठरावावर सही करणारा हा बिशप मग समोरच्या शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना दारूवरून, खोट्या शपथांवरून, गरिबाला न दिलेल्या भाकरीवरून बोलायला लागतो.